सोलापुरी चादरींचा पार्सल-प्रवास : एका नव्या कंपनीच्या सेवेबद्दल

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या लहानशा दुकानातून चादरी आणि टॉवेल परगावी पाठवण्याचे काम आम्ही दोन वर्षांपूर्वी एका नव्या पार्सल कंपनीकडे सोपवले. तिची सेवा जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की या धंद्यात कंपनी टिकते ती दर पाडून नव्हे, तर विक्रेत्याचा पैसा वेळेवर हातात देऊन.

आमच्या निम्म्याहून अधिक ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात. ग्राहकाची रोकड आधी कंपनीकडे जमा होते. पूर्वीच्या कंपनीकडून ती आमच्या खात्यात यायला तीन-तीन आठवडे लागत आणि तोवर सूतवाल्याची उधारी डोक्यावर बसलेली असे. इथे दर बुधवारी हिशेब चुकता होतो. शिवाय माल पोहोचवण्याआधी ग्राहकाला फोन जातो, त्यामुळे परत येणारी पार्सले, म्हणजेच आमच्या बोलीतले 'आरटीओ', स्पष्टपणे कमी झाली. परत आलेल्या पार्सलाचे दोन्हीकडचे भाडे आम्हालाच भरावे लागते, म्हणून हा एक फोन आम्हाला फार मोलाचा वाटतो.

वजनाचा वाद मात्र समजून घ्यावा लागला. लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधील गुणाकार 5000 ने भागून येणारे आकारमानी वजन आणि काट्यावरचे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे लागते. साडेतीन किलो चादरींचा 40 × 30 × 20 चा खोका त्यामुळे 4.8 किलोंचा ठरत होता. पार्सल न्यायला येणाऱ्या मुलानेच मोजमापाची टेप लावून हे दाखवले. आता चादरी दाबून पिशवीत भरल्याने उंची 10 वर आली आहे आणि भाडे खऱ्या वजनाचेच लागते.

फ्लिपकार्टची ई-कार्ट आणि मीशोची वाल्मो अशी स्वतःची पार्सल-यंत्रणा आहे. 2011 साली सुरू झालेल्या दिल्लीवेरी या पार्सल कंपनीने 2025 मध्ये ईकॉम एक्सप्रेस ही दुसरी पार्सल कंपनी विकत घेतली. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा आपला माल स्वतःच वाहू लागल्यावर नव्या कंपनीला आमच्यासारख्यांच्या दारी यावेच लागते, आणि ही कंपनी त्या जाणिवेने वागते.

दिवाळीच्या गर्दीत मात्र दोन दिवस गाडी आली नाही आणि तक्रारीला ठरावीक साच्यातलेच उत्तर मिळाले, हे मला खटकले. ईशान्येकडील राज्यांसाठी आम्ही अजूनही टपाल खात्याचे स्पीड पोस्टच वापरतो.