धावण्याचा पहाटवर्ग : चार महिन्यांचा अनुभव

सोलापुरात विजापूर रस्त्यावर, धर्मवीर संभाजी तलावाच्या बाजूने मी तीन वर्षे एकटी धावत होते. डिसेंबरमध्ये २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनची तयारी करायचे ठरवले आणि महिना १,००० रुपये भरून शहरातल्या एका धावण्याच्या वर्गात नाव घातले. मार्चअखेर चार महिने पूर्ण झाले. पुढे एक तक्रारही मांडायची असल्याने वर्गाचे नाव लिहीत नाही; मात्र अशा कोणत्याही वर्गाचे पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, हे माझ्या अनुभवातून कळावे अशी इच्छा आहे.

आठवड्यातून चार दिवस पहाटे साडेपाचला पार्क मैदानापाशी सगळे जमतात. वॉर्म-अप आणि शेवटचे स्ट्रेचिंग नीट करून घेतात, प्रशिक्षक वेळेचे पक्के आहेत आणि रविवारच्या लांब पल्ल्याला मार्गावर दोन ठिकाणी पाण्याची सोय असते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदानाचा परिसर पाळण्यांनी आणि दुकानांनी भरून गेला, तेव्हाही मार्ग बदलल्याचा निरोप आदल्या रात्रीच आला. व्यवस्थेबद्दल माझी तक्रार नाही.

सोबतीचा सर्वांत मोठा लाभ झाला तो अंधाराच्या बाबतीत. एकटीने धावताना उजाडल्याशिवाय घराबाहेर पडण्याचा धीर होत नसे. सोलापुरात मार्च उजाडला की सात-साडेसातलाच ऊन अंगावर येते, पुढे एप्रिल-मेमध्ये तर पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे उजेड आणि ऊन यांच्या मध्ये माझ्या हाती जेमतेम पाऊण तास लागत असे आणि तेवढ्यात लांब पल्ल्याचा सराव होणे शक्यच नव्हते. पंधरा-वीस माणसे बरोबर असली की साडेपाचच्या काळोखातही सात रस्ता ओलांडताना मनावर दडपण नसते. पुढे-मागे बुटांचा एकसारखा आवाज येत राहतो, आणि तो ऐकत ऐकत मी पहिल्यांदा १६ किलोमीटर न थांबता धावले. बाराव्या किलोमीटरनंतर एकटी असते तर नक्कीच रिक्षा शोधली असती.

तक्रार आहे ती वेगाबद्दल. मंगळवार आणि गुरुवार हे सावकाश धावण्याचे दिवस, म्हणजे धावता धावता पूर्ण वाक्य बोलता यावे इतकाच वेग ठेवायचा, असे वर्गात सांगितले जाते. प्रत्यक्षात पाच मिनिटांत सगळे एकमेकांच्या पावलाशी पाऊल मिळवू लागतात आणि कोणाच्याच तोंडून शब्द फुटत नाही. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. सोबतीने किंवा स्पर्धेत सायकल चालवणाऱ्यांच्या वेळा एकट्याने चालवणाऱ्यांपेक्षा चांगल्या असतात, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ मध्येच दाखवून दिले होते. शर्यतीच्या दिवशी उपयोगी पडणारी हीच ओढ सरावाच्या दिवशी पायांवर येते. जानेवारीअखेर माझी डावी नडगी इतकी दुखू लागली की जिना उतरताना कठड्याला धरावे लागे, आणि दहा दिवस धावणे बंद ठेवावे लागले.

त्यानंतरच्या रविवारी मी मागे पडले. प्रशिक्षक सर्वांत पुढे होते. आसरा चौकाच्या अलीकडे दोन कुत्री अंगावर धावून आली तेव्हा माझ्या मागे वर्गातले कोणीच नव्हते. त्या दिवशी मला जी भीती वाटली, ती तीन वर्षे एकटी धावतानाही कधी वाटली नव्हती, कारण एकटी असताना मी अंधारात त्या रस्त्याला गेलेच नव्हते.

प्रशिक्षकांना हे स्पष्ट सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले, आणि पुढच्याच रविवारपासून साठी उलटलेले एक अनुभवी काका शेवटच्या माणसाबरोबर धावू लागले. माझा श्वास चढला की ते म्हणत, "ताई, घाई कशाला करताय? बोलत बोलत चला की." मग ते घरच्या ज्वारीपासून नातवाच्या शाळेपर्यंत काहीबाही विचारत राहत, आणि उत्तर देता देता माझा वेग आपोआप उतरत असे. नडगी पुन्हा दुखली नाही.

केनियाचा धावपटू एलिउद किपचोगे याने २०१९ मध्ये व्हिएन्नात मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण केले, तेव्हा त्याच्यासाठी ४१ धावपटू आळीपाळीने धावले होते. त्यांच्यातला प्रत्येक जण किपचोगेसाठी ठरवलेल्या वेगाने धावत होता, स्वतःच्या नव्हे. काका माझ्यासाठी नेमके हेच करत होते, आणि माझ्या मते वर्गाचे १,००० रुपये याच एका गोष्टीसाठी द्यावेत.

एप्रिलपासून मी मंगळवारी आणि गुरुवारी पुन्हा तलावाकडे एकटी जाते. तेथे श्वास ऐकू येतो, पाय कुठे ओढतो आहे ते समजते आणि दुखले तर कोणाकडे न पाहता चालता येते. रविवारी मात्र वर्गाबरोबरच असते. पूर्ण महिन्याचे पैसे भरून अर्धेच दिवस वापरले जातात, तेव्हा केवळ रविवारचे वेगळे शुल्क ठेवावे, अशी विनंती मी केली आहे. नव्याने नाव घालणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, प्रशिक्षकाची पदके किंवा टी-शर्टचा दर्जा पाहण्याआधी एका रविवारी नुसते पाहायला जावे आणि सर्वांत शेवटी कोण धावते, ते विचारावे.