एफ ट्युबाचे आठ महिने आणि तो खालचा सी

परळच्या आमच्या लग्नाच्या बँडात मी शाळेत असल्यापासून बेस वाजवतोय, काकांच्या पिस्टनवाल्या बी-फ्लॅट ट्युबावर, म्हणजे खर्जातल्या मोठ्या पितळी वाद्यावर. डिसेंबरात पाच व्हॉल्व्हचा (दाबला की नळी लांबवून सूर उतरवणाऱ्या कळांचा) रोटरी एफ ट्युबा घेतला: व्हॉल्व्ह पिस्टनसारखे वरखाली न होता फिरतात, आणि मोकळा सूर बी-फ्लॅटऐवजी त्याहून वरचा एफ. जुना, जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शनमध्ये बनलेला. सोलो वाजवायचं होतं, हौशी ऑर्केस्ट्रातही बसायचं होतं, आणि नवा घेण्याइतके पैसे नव्हते.

पहिले तीन आठवडे बोटांनी दगा दिला. बास क्लेफमधल्या (खालच्या सुरांच्या स्वरलेखनातल्या) दुसऱ्या घरातला सी बी-फ्लॅटवर पहिल्या व्हॉल्व्हने निघतो, इथे मोकळा, एकही व्हॉल्व्ह न दाबता. डोळे एक वाचतात, हात जुनंच करतात. ते जमतं, सवयीचा प्रश्न आहे.

खरी परीक्षा त्याच्या खालच्या सीची, स्टाफच्या पाच रेघांखालच्या दुसऱ्या छोट्या रेघेवरच्या. गंमत म्हणजे बोट दोन्हीकडे तेच, चौथा व्हॉल्व्ह. पण बी-फ्लॅटवर तो तिसऱ्या हार्मोनिकवर (त्याच नळीतून नुसत्या ओठांनी निघणाऱ्या सुरांच्या तिसऱ्या पायरीवर) पक्का बसतो, एफवर दुसऱ्यावर. एफची नळी साधारण १२ फुटांची. चौथा व्हॉल्व्ह दाबला की त्यात ४ फूट एकसारख्या रुंदीची नळी वाढते आणि आवाज कोंदतो. माझा सी पहिल्यांदा ऐकून काका म्हणाले, "याला सर्दी झालीय का रे?" दोन महिने रोज वीस मिनिटं तेवढेच तीन-चार सूर घासले. जबडा सैल सोडायचा, हवा ढकलायची नाही, नुसती जाऊ द्यायची. आता सी बोलतो. त्याखालचा बी-फ्लॅट पहिला आणि चौथा मिळून चढा लागतो. पाचवा व्हॉल्व्ह पूर्ण सुराहून जरा जास्त उतरवतो, म्हणून चौथा-पाचवा दाबला की सुरात येतो.

वरच्या सप्तकात मात्र सगळे कष्ट वसूल. व्हॉन विल्यम्सच्या १९५४ च्या ट्युबा कॉन्चेर्तोतला मधला भाग बी-फ्लॅटवर वाजवताना मी श्वास मोजायचो, इथे तो गातो. बर्लिओझच्या 'सिंफनी फँटास्टिक'मधले 'दिएस इरे'चे (मृतांसाठीच्या जुन्या प्रार्थनागीताचे) सूर मुळात ऑफिक्लाइडसाठी, ट्युबाआधीच्या पितळी वाद्यासाठी, लिहिलेले. एफवर त्यांना हवी तशी धार येते. प्रोकोफिएव्हच्या पाचव्या सिंफनीत मात्र माझा पाया हलका पडला, कंडक्टरनी दोनदा वळून पाहिलं.

जुलैत चौथ्या व्हॉल्व्हची स्लाइड (ओढून काढता येणारी नळी) हिरवी पडून अडकली. चूक माझी, रविवारची ग्रीस टाळली होती. आमच्या बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी कापडाची पट्टी ओवून, लाकडी हातोडीने टकटक करत ती काढली, रोटरचं झाकण उघडताना म्हणाले, "हे घड्याळजीचं काम." तेव्हापासून रोटरच्या दोन्ही टोकांना जाड तेल, आत पातळ, आणि वाजवून झाल्यावर स्लाइडा काढून पाणी झटकणं चुकवत नाही. बॅगेसकट लोकलच्या लगेज डब्यात मावतो, पण मासळीच्या पाट्या चढण्याआधीची गाडी पकडा.

घ्यायला जाणार असाल तर वरचे गोड सूर शेवटी वाजवा. विकणारा तेच आधी वाजवून दाखवतो. आधी खालचा सी, बी, बी-फ्लॅट, अगदी हळू आवाजात. मग व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड ओढा, क्षणभर थांबा आणि व्हॉल्व्ह दाबा: पॉक असा आवाज आला तर रोटर घट्ट आहे. माझ्या तिसऱ्याला तो येत नाही. मी ते नंतर पाहिलं.

काकांचा बी-फ्लॅट विकलेला नाही. प्रोकोफिएव्ह पुन्हा लागला की तोच नेणार.