पोतं की उकिरडा?

कृष्णाकाठी भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात आमचं वीस गुंठे मळईचं, म्हणजे नदीच्या गाळाचं, रान आहे. मेथी, कोथिंबीर आणि कडेनं वांगी. सात-आठ वर्षं नुसत्या पोत्यावर, म्हणजे युरियासारख्या रासायनिक खतावर काढली, मग हळूहळू कंपोस्टकडे वळलो. नदीकाठी भाजी करायची आणि खताचं अजून ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय.

पोत्याची बाजू आधी, कारण ती मजबूत आहे. ४५ किलोचा युरिया २६६ रुपये ५० पैशांना, आणि त्यात वीस किलोच्या वर नत्र (नायट्रोजन). तेवढं नत्र शेणखतातून द्यायचं तर चारेक टन खत लागतं. त्यापुढं ट्रॉलीचं भाडं, मजुरी, आणि चिखलातून टोपली वाहणं आलंच. युरिया फेकून पाणी सोडलं की चार-पाच दिवसांत मेथी काळीभोर. रान खंडानं घेतलेलं असेल तर पोतं वापरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे राहील याची खात्री नसताना त्यात कंपोस्ट कोण ओतेल?

पण मळईचं रान हलकं. जरा जास्त पाणी झालं की नत्र नायट्रेट होऊन मुळांखाली उतरतं, आणि काठावरच्या विहिरी फार खोल नसतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं आपलं भारतीय मानक सांगतं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. उकळून तर उपयोगच नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. बाटलीचं दूध पिणारं तान्हं मूल घरात असेल तर पाणी तपासून घ्याच.

हे सगळं कळत होतं, तरी माझं ठरलं ते विहिरीमुळे नाही, मेथीच्या पेंडीमुळे ठरलं.

पहाटे काढलेली मेथी ओल्या बारदानात गुंडाळून बाजारात न्यायचो. अकरा वाजले की पेंड्या माना टाकायच्या. ढिगातली खालची पेंडी उपसली तर आतली पानं चिकट, पाण्याळ, आंबूस वासाची. गिऱ्हाईक हात लावायचं आणि पुढं जायचं. शेजारी बसणाऱ्या आजींची मेथी आमच्यापेक्षा बुटकी, फिकट, पण दुपारी तीनलाही ताठ. एकदा त्या म्हणाल्या, “तुझी नुसती पाण्यानं फुगलीया बघ.” राग आला. पण पुढच्या लागणीला दोन वाफे कंपोस्टवर केले आणि त्यांच्या पेंड्या लाल सुतळीनं बांधल्या. संध्याकाळी टोपल्यात लाल सुतळी एकही उरली नव्हती. बियाणं, ऊन, काढायची वेळ, कशाचाही हात असेल, आणि तोलून-मोजून मी काही केलं नाही. पण पुढच्या दोन्ही लागणींना तसंच झालं, आणि त्या वाफ्यांवर मावा ही कीडही कमी दिसली.

आता कंपोस्टची खोडही सांगायला हवी, कारण नदीकाठी ती पोत्याइतकीच महागात पडू शकते. अर्धवट कुजलेलं शेणखत टाकलं की हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते आणि तण माजतं. पहिल्या वर्षी भांगलणीतच आमचा निम्मा पैसा गेला. त्याहून वाईट म्हणजे कच्च्या शेणातले पोटाचे जंतू. मेथी-कोथिंबीर मातीला टेकून वाढते आणि कोथिंबीर कच्चीच ताटात जाते. म्हणून कच्चं शेण आम्ही पालेभाजीला घालत नाही. घालायचंच तर काढणीच्या चार महिने आधी, म्हणजे पालेभाजीला नाहीच.

ढिगाला ५५ अंशांच्या पुढची उष्णता काही दिवस मिळायला हवी आणि अधूनमधून पलटून कडेचा माल आत जायला हवा. थर्मामीटर आमच्याकडे नाही. लोखंडी पहार ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढायची. हातात धरवली नाही तर ढीग नीट तापलाय. गार झालेल्या ढिगाला मातीचा वास आला की खत तयार.

ढीग कुठं लावायचा, हा धडा २०१९ च्या पुरानं दिला. काठावर लावलेला सगळा ढीग कृष्णामाईनं नेला. आमचं खत गेलं, आणि खालच्या गावांच्या पाण्यात ती घाण गेली ती वेगळीच. आता तो गावठाणाच्या अंगाला, उंचावर आणि विहिरीपासून लांब असतो.

युरिया अगदीच सुटला असं नाही. वांगी पिवळी पडली तर पाण्यात विरघळवून थोडा थोडा, दोन-तीन हप्त्यांत देतो. वळीव घोंगावत असेल त्या दिवशी नाही. मेथीला मात्र नाहीच.

आणि पेंड्या नदीत बुचकळून ताज्या करायची सवय आमच्याकडेही होती, ती सोडली. वरच्या अंगाला गावांचं सांडपाणी मिसळतं. खत कितीही चांगलं असलं तरी त्या पाण्यानं पानावर सगळं परत येतं. आता तपासून घेतलेल्या विहिरीचं पाणी टपात घेतो. टप भरायला वेळ लागतो, म्हणून घरून निघायला पंधरा मिनिटं उशीर होतो आणि बाजारात कोपऱ्यावरची जागा हुकते.