सगळ्यांना एकच मशीन, की ज्याला हवं ते?

अंधेरीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी दोन्ही करून पाहिलंय. आधी सहाही जणांना मॅक, आणि आता ज्याच्या हाताला जे बसलंय ते.

एकसारखेपणाचं सुख नाकारण्यात अर्थ नाही. नवीन मुलगा सकाळी आला की जेवणाच्या सुट्टीआधी त्याच्याकडे कोड चालू. एकाला सापडलेला उतारा सगळ्यांना लागू. सरमिसळ असली की पहिले दिवस ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणांच्या, म्हणजे विंडोजच्या सीआर-एलएफ आणि इतरांच्या नुसत्या एलएफच्या भांडणात जातात. बदल एका ओळीचा आणि कोडमधले बदल नोंदवणारं गिट दाखवतं अख्खी फाईल बदललेली. गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ टाकली की मिटतं, पण ती टाकायची आठवण डोकं पिकल्यावर होते.

तरी माझं मन फिरलं ते एका कॅपिटल अक्षरामुळे. फाईलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल, ती इम्पोर्ट करणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या फाईलमध्ये वापरायला घेणाऱ्या ओळीत स्मॉल. मॅक असो की विंडोज, नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यांना दोन्ही नावं एकच. लिनक्स या तिसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या सर्व्हरला मात्र दोन वेगळी. सहाही मशीनवर सगळं सुरळीत, आणि शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर म्हणाला फाईलच नाही. नाव सुधारलं तर मॅकवरच्या गिटला बदल दिसेना. शेवटी नाव आधी भलतंच केलं, मग हवं ते. त्या रात्रीची बोरिवली लोकल एवढी रिकामी होती की खिडकीची जागा मिळाली, एवढाच फायदा.

सीआय, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल आपोआप तपासणारं साधन, लावलं असतं तर, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, नंतर लावलंही. पण सीआय सांगितलेलंच तपासतं. लिनक्सवाला मुलगा आल्यावर त्याने पहिल्याच आठवड्यात ग्राहकांच्या यादीत ‘कऱ्हाड’ शोधलं आणि यादी रिकामी आली. पत्त्यांमध्ये गाव होतं! त्यातला चंद्रकोरीसारखा र दोन तऱ्हांनी टाईप होतो: ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर हुबेहूब सारखा, संगणकाला वेगळा. युनिकोड या अक्षरांच्या संकेतांच्या मानकातलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या तऱ्हा एकसारख्या करण्याची सोय, तीही या दोघांना एक करत नाही, नियम आपणच लिहावा लागतो. आमचे सहाही कीबोर्ड एकाच तऱ्हेने टाईप करत होते, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

टीम दोघातिघांची असेल, किंवा मशीन सांभाळायला वेगळा माणूस नसेल, तर एकसारखंच बरं पडेल कदाचित. माझा अनुभव एका ऑफिसापुरता. कोडची मांडणी नीट करणारा फॉरमॅटर आणि आयत्या कोडच्या लायब्ररी यांच्या आवृत्त्या आम्हीही सगळीकडे एकच ठेवतो, तिथे कोणाचे लाड नाहीत. पण टेबलावर एक तरी लिनक्स असू द्या. आमचं जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि तो मुलगा नवीन मागतही नाही.