गॅस ब्रूडर : पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

भंडारा जिल्ह्यात साकोली भागात आमचं मदर युनिट आहे. एक दिवसाची गावरान क्रॉसची पिल्लं आणायची, चार आठवडे सांभाळायची, राणीखेत-गंबोरो या रोगांच्या लसी द्यायच्या आणि मग गावोगावच्या बायांना, बचत गटांना पाच-दहा-वीस अशी विकायची. म्हणजे आमचा सगळा धंदा ऊब देण्याचाच. पहिल्या आठवड्यात गारठलेलं पिल्लू मेलं नाही तरी खुरटतं, आणि ते जिच्या सांदवाडीत (परसात) जातं तिचं नुकसान होतं. म्हणून ब्रूडरबद्दल, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाबद्दल, जरा सविस्तर लिहितो.

आधी सगळं बल्बवर होतं. हिशेब सोपा असतो: हिवाळ्यात पिल्लामागे साधारण दोन वॅट. पण हा हिशेब पूर्ण व्होल्टेजचा आहे. आमच्याकडे रात्री सिंगल फेजवर 180 व्होल्ट मिळाले तरी बरं म्हणायचं, आणि तेवढ्यावर बल्बची उष्णता जवळपास एक तृतीयांशाने घटते. त्यात 200 वॅटचे पिवळे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत. एलईडीने उजेड होतो, ऊब नाही. लाईन गेली की शेगडी पेटवायची. पण बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी म्हणजे विषारी वायू, ज्याला वासही नसतो.

गॅस ब्रूडर साखळीने छताला टांगतात. आत चिनी मातीची जाळीदार पाटी असते, ती लाल तापते आणि उष्णता सरळ खाली लिटरवर, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या तुसावर, पडते. आधी हवा तापून मग पिल्लाला ऊब, असं नाही. जमीन तापते, पिल्लाचं पोट आणि पाय तापतात. बल्बपेक्षा हा फरक मला पहिल्याच बॅचला जाणवला. धानाच्या तुसावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर मक्याचा भरडा टाकला की पिल्लं तिथेच बसून टिपत राहतात, कोपऱ्यात ढीग करत नाहीत.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. एक किलो गॅस म्हणजे साधारण साडेबारा युनिट विजेएवढी उष्णता. व्यावसायिक 19 किलोच्या टाकीच्या भावाने मांडून पाहा, विजेपेक्षा फार स्वस्त पडत नाही. घरगुती लाल टाकी धंद्याला लावू नका, ते बेकायदा आहे. पैसे वाचतील म्हणून ब्रूडर घेऊ नका. पहाटे तीनला लाईन गेली तरी पाटी लालच राहते, यासाठी घ्या. आमच्या घरी आता "लाईन गेली ना!" म्हणून कुणी शेडकडे धावत नाही, आणि याची किंमत मला हिवाळाभर कळली.

विक्रेत्याने हजार पिल्लांना पुरतो असं सांगून दिला होता. पावसाळ्यात पुरला. डिसेंबर-जानेवारीत मात्र पाच-सहाशेच धरा. आपल्याकडची थंडी लोक हलक्यात घेतात. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर गेला होता. दर हिवाळ्याला तसं होत नाही, पण शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहाटेचा गारठा शहरापेक्षा जास्तच झोंबतो.

घेताना एकच गोष्ट अडून मागा: ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. आमच्या ब्रूडरला तो आहे. पेटवल्यावर नॉब अर्धा मिनिट दाबून धरावा लागतो, नाहीतर ज्योत टिकत नाही. हा त्रास वाटेल, पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो जमिनीलगत साचतो, आणि पिल्लं जमिनीवरच असतात. स्वस्तातल्या मॉडेलला हा व्हॉल्व्ह नसतो.

तुसाची धूळ आणि पिल्लांची लव जेटमध्ये (गॅस येण्याच्या बारीक भोकात) जाते. ज्योत पिवळी दिसायला लागली की जेट चोंदलं असं समजायचं. दर बॅचनंतर मऊ ब्रशने पुसून फुंकून घेतो. सुई घालून भोक मोठं करायचं नाही. टाकी संपत आली की कडाक्याच्या पहाटे गॅसचा दाब पडतो आणि पाटी फिकट होते, म्हणून थंडीत भरलेली दुसरी टाकी शेजारी तयार ठेवतो.

आता खरी अडचण. गॅस जळला की पाणी होतं: एक किलो गॅसमागे वाफेच्या रूपात सुमारे दीड किलो. शिवाय ज्योत शेडमधलाच प्राणवायू खाते. थंडी म्हणून पडदे चारही बाजूंनी घट्ट लावले, तर सकाळी पत्र्याच्या आतून थेंब गळतात, तूस ओला होतो आणि आत शिरताच अमोनियाने डोळे चुरचुरतात. तुमचे डोळे माणसाच्या उंचीवर चुरचुरले, तर खाली पिल्लांचं काय होत असेल ते बघा. म्हणून पडदा खाली पक्का बांधा आणि वरून उघडा. वर वीतभर फट रात्रभर राहू द्या. गार हवा वरून आत येऊन मिसळते, पिल्लांच्या अंगावर सरळ आदळत नाही. थोडा गॅस जास्त जळेल, जळू द्या. आमच्या भागात "हवा लागंन ना पिल्लाले" म्हणून ही फट बुजवतात आणि मग सर्दी, घरघर, औषधांचा खर्च सुरू होतो.

तापमानाचा नियम सगळ्यांना माहीत आहे: पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला 5 अंश कमी. थर्मामीटर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर लावा. पण मी रात्रीच्या फेरीला पिल्लू उचलून त्याचे पाय माझ्या गालाला लावतो. पाय गार लागले तर आकडा काहीही असो, साखळी एक कडी खाली घेतो. मग पोटळी (गळ्याखालची दाण्याची पिशवी) चाचपतो: भरलेली आणि मऊ असेल तर त्याने खाल्लं आणि पाणीही प्यायलं. कडक लागली तर पाणी कमी पडतंय. पिल्लं आणायच्या आदल्या दिवशीच ब्रूडर पेटवून तूस तापवून ठेवतो, ते गारठ्यात सर्वांत महत्त्वाचं.

शंभर-दीडशे पिल्लं असतील तर हा खर्च करू नका. लाल इन्फ्रारेड दिवे आणि एक छोटा इन्व्हर्टर पुरेल. तीनशेच्या वर आणि हिवाळ्यात बॅच टाकणार असाल तर जरूर घ्या. आम्ही येत्या दिवाळीपूर्वी दुसरा घेतोय. तोपर्यंत उन्हाळ्यात हा फक्त पहिले दोन-तीन दिवस पहाटेपुरता लागेल. मग नळी वेगळी काढून, पाटी कापडात गुंडाळून उंदरांपासून दूर टांगून ठेवणार.