परसात कोंबडी कुठली, बँटम की गिरिराज?
अंडी विकायची असतील तर गिरिराज घ्या. बंगळुरूत तयार झालेली ही जात वर्षाला सव्वाशे-दीडशे अंडी देते. पण सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवत नाही; पिल्लं एरवी विकतच आणावी लागतात.

बँटमचं अंडं जेमतेम 30 ग्रॅमचं, तीही किलोच्या आतली. तरी माझा जीव तिच्यावरच. खुडूक बसली की 21 दिवस दाणापाण्यापुरतीच उठते, पिसं फुगवून पुन्हा अंड्यांवर. आम्ही तिच्याखाली गिरिराजची चार अंडी ठेवली. दीड महिन्यात पिल्लं आईएवढी झाली, तरी तिच्याच पंखाखाली शिरायची, तिला उचलूनच धरायची.

जागा बँटमला कमी लागते. मात्र ती उडते, खुराड्यावर वरूनही जाळी हवीच.