चॉपिंग बोर्ड लाकडी की प्लास्टिकचा?

नवं घर मांडणाऱ्या भाचीने विचारलं, "मावशी, चॉपिंग बोर्ड कुठला घेऊ?" मी दोन्ही वर्षानुवर्षं वापरलेत.

सुरीची धार लाकडावर जास्त टिकते. बोर्ड सरकण्याची भीती दोन्हीकडे सारखीच; खाली ओलं फडकं घातलं की काम भागतं.

स्वच्छतेचं मात्र नीट समजून घे. प्लास्टिक नवं असताना धुवायला सोपं, पण रोजच्या चिरण्याने त्यावर चरे पडतात. नख फिरवून बघ. अडकलं तर समज, तिथे घासणीही पोचत नाही. अमेरिकेतले संशोधक डीन क्लिव्हर यांच्या प्रयोगांत असे चरे पडलेले प्लास्टिकचे बोर्ड हाताने धुऊन जंतुमुक्त करणं अवघड गेलं होतं.

मेहनत लाकडालाच जास्त. भिजत ठेवलं की ते वाकतं, तडकतं. धुऊन लगेच पुसायचं, उभं करून वाळवायचं. प्लास्टिक स्वस्त, पण चरे खोल गेले की टाकून द्यावं लागतं. लाकूड पॉलिश पेपरने घासून पुन्हा गुळगुळीत होतं.

रोज भाज्याच चिरायच्या असतील आणि एवढी निगा राखणार असशील, तर लाकडी घे. मांस-मासेही करत असशील, तर त्यांच्यासाठी डिशवॉशरमध्ये चालणारा प्लास्टिकचा बोर्ड वेगळा ठेव.